नुसतं तपासायला

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सुरतला न्यायचं होतं. साखरेच्या आजाराने त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. तो काढावाच लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी माझ्या भावाला स्पष्ट सांगितलं होतं. भाऊ सुरतलाच राहतो. आबांना मात्र तो फोनवर म्हणाला, "नुसतं तपासाले येवानं शे. संध्याकायना गाडीवर परत." आईने मान डोलावली आणि मीही मूग गिळून बसले. आमच्याकडे दुखणं असंच सांगतात. ऑपरेशन असलं तरी माणूस 'दाखवायला' जातो. आधी कळलं तर तो खचेल, अशी सगळ्यांना भीती असते.

त्या दुपारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी घरूनच काम करते. संगणक ज्याच्यावर चालतो त्या ऑपरेटिंग सिस्टीमचा अगदी आतला भाग म्हणजे कर्नल. त्याचा कोड दुसऱ्यांनी लिहिला की पुढे जाण्याआधी मी तो वाचते आणि खोट काढते. कुणी विचारलं की आई सांगते, "ती दुसरास्न्या चुका काढस, तेना पगार भेटस." यात चूक काढायला मला आजवर काही सापडलेलं नाही.

पुण्यातल्या एका सहकाऱ्याचा कोड सकाळपासून माझ्यापाशी अडला होता. कारण एक मॅक्रो. मॅक्रो म्हणजे कोडच्या काही ओळींना दिलेलं छोटं नाव. ते नाव लिहिलं की त्याच्या जागी त्या ओळी येतात. न बदलणाऱ्या किमतींची नावं मोठ्या अक्षरांत लिही, हे त्याने निमूट ऐकलं. कंसही नीट घातले. पण एका मॅक्रोचं नाव होतं 'चेक रेडी', म्हणजे उपकरण तयार आहे का ते बघ. आत पाहिलं तर उपकरण तयार नसेल तेव्हा तो नुसतं बघून थांबत नव्हता, चालू काम तिथेच सोडून बाहेर पडत होता.

"नावावरून किती अडवशील? चालतंय ना!" त्याचा निरोप आला.

मी उठले. ओसरीवर गेले, परत आले. चहा ठेवला आणि प्यायचा विसरले. आई म्हणाली, "एक जागावर बठ ना वं!" नाकावर माशी बसू न देणारी म्हणून टीममध्ये माझी ख्याती आहेच, ती राखत मी एका दमात लिहिलं, "मॅक्रो काढ आणि बाहेर पडायची ओळ उघडी लिही. नाव वाचणाऱ्याला वाटतं, आपण फक्त बघतोय. पण मॅक्रो तिथूनच बाहेर पडतो आणि आधी हातात घेतलेलं जागच्या जागी ठेवायचं राहून जातं. हे नाव फसवं आहे."

निरोप गेला आणि माझंच तोंड कडू झालं. फसवं हा शब्द मी परक्या माणसाला किती सहज ऐकवला होता.

तेवढ्यात आबा लंगडत शेतातून आले. अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी फडक्यात बांधलेला पाय वर घेतला. "मोटारना खोलीले कुलूप लाई दिनं," ते आईला म्हणाले. "आज केयीले पानी व्हई गयं. आते परोंदिन मीच दिसू." परवा केळीला पाणी द्यायला आपण परत आलेलोच असू, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मागे विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली, तेव्हापासून ती चावी ते कुणाच्या हाती देत नाहीत. सुरतलासुद्धा ती त्यांच्याच खिशातून जाणार होती.

मला राहवेना. मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले.

"आबा, तपासाले नही जाई ऱ्हायनूत. तुम्हना आंगठा काढना पडी."

आई आतून "अवं माय" करत धावली. आबा माझ्याकडे नाही, पायाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खचणार आणि आयुष्यभर खापर माझ्या डोक्यावर फुटणार. मी घाबरले होते.

"आंगठाच, का आखा पाय?"

"आंगठाच."

"कितला दिन ठेवतीन?"

"आठ-दहा दिन तरी."

मग ते आईवर कडाडले, "आनि दहा दिन केयीले पानी कोन देतं?" खिशातून चावी काढून त्यांनी ती माझ्यासमोर धरली. "धर. कोनतं बटन पहिले दाबानं, ते सांगस."

पुण्याहून उत्तर येऊन पडलं होतं. मॅक्रो काढल्याचं मी दुसऱ्या दिवशी, आबा-आईला गाडीत बसवून आल्यावर वाचलं.

मोटारीचं सगळं सांगून होतं न होतं तोच भावाचा फोन आला. "आबांना काही बोलली नाहीस ना?" त्याने विचारलं. मी फोन आबांच्या हातात दिला.

"मी येई ऱ्हायनू सकायना गाडीवर," आबा म्हणाले. "तपासाले नही. आंगठा काढाले."

पलीकडून भावाचं रडणं आम्हा तिघांनाही ऐकू आलं.