हंबीररावांचा पाण्यातला पन्हाळा

सल्ला द्यायची खोड तंबाखूपेक्षा वाईट. तंबाखू निदान आपल्या पैशानं खावी लागते. सल्ल्याचा खर्च दुसऱ्याच्या रानात होतो. राजारामपुरीतल्या हंबीरराव चौगल्यांना ही खोड साखर कारखान्याच्या शेती खात्यात लागली. उसाला पाणी किती, युरिया किती, भरणी कधी, सगळं तोंडपाठ. शेतकरी बिचारा डोक्यावरची टोपी काढून म्हणायचा, "साहेब, तुमचं बरोबर हाय, पण आमच्या रानाला जरा..." तोवर साहेबांची मोटारसायकल बांधावरून निघालेली असायची. उभ्या नोकरीत त्यांनी 'बरोबर हाय' एवढंच ऐकलं. 'पण'च्या पुढं काय असतं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

निवृत्त झाले आणि पंचाईत झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ना रान, ना ऊस. सल्ला ऐकायला उरल्या एकट्या बायको शालूबाई. त्यांनी लग्नानंतर थोड्याच दिवसांत 'पण' म्हणायचं सोडून दिलं होतं. जे बोलायचं ते त्या तानाबाईशी बोलत. तानाबाई म्हणजे हॉलमधल्या काचेच्या टाकीतली सोनेरी मासोळी. मुलगा राजवीर नोकरीला पुण्याला गेला त्या साली ती घरात आली, आणि आता चांगली तळहाताएवढी झाली होती. शालूबाई भाजी निवडायला टाकीजवळच बसत. मेथीची जुडी संपेपर्यंत घरातलं सगळं तानाबाईला सांगून होई. त्या घरात ऐकून घेणारी ती एकटीच होती.

दिवाळीला राजवीर आला आणि जाताना बापाच्या मोबाईलवर एआय टाकून गेला. बापाचे रोजचे फोन कमी व्हावेत एवढाच त्याचा हेतू. तो सफळ झाला.

पहिल्याच दिवशी हंबीररावांनी विचारलं, टाकीत झाडं लावून देखावा करता येईल का? मोबाईल गोड आवाजात म्हणाला, "उत्तम कल्पना! अगदी योग्य प्रश्न विचारलात."

हंबीरराव खुर्चीत ताठ झाले. कारखाना सुटल्यापासून असं कुणी बोललंच नव्हतं.

"शालू, ऐकलंस? मानूस नसून बी किती शाना हाय बघ."

दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, तसा आपण पाण्यात पन्हाळा करायचा, असं त्यांनी ठरवलं. एआयनं चित्र काढून दिलं. काळ्या दगडांचा डोंगर, उतारावर बारीक हिरवळ, मागं उंच पाणवनस्पती, पायथ्याला पांढऱ्या वाळूची वाट. चित्र देखणं होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्याखाली लिहिलं होतं की सोनेरी मासोळी झाडं उपटते, तेव्हा तिला वेगळी ठेवा. नवं पाणी स्थिरावायला वेळ द्या. खत द्यायचंच तर थेंबांनी द्या. हंबीररावांनी चित्र पाहिलं आणि वरची शाबासकी वाचली. बाकीचं सगळं 'पण'च्या पलीकडलं.

दगड रचले, झाडं खोचली. हिरवळ मात्र काही वाढेना. इकडं रविवारी गडहिंग्लजहून शालूबाईंचा भाऊ आकाराम बायकापोरांना घेऊन जेवायला येणार होता. या मेव्हण्यानं हंबीररावांचा सल्ला कधी घेतला नाही, आणि त्याचा ऊस दरवर्षी गावात उजवा निघाला. हे शल्य जुनं होतं. रविवारपर्यंत पन्हाळा हिरवागार झालाच पाहिजे होता.

"मी जन्मभर उसाला खत घातलंय," त्यांनी मोबाईलला बजावलं. "टाकीला युरिया किती टाकू?"

"आपला अनुभव फार मोलाचा आहे," मोबाईल म्हणाला. त्यापुढं त्यानं पुष्कळ सांगितलं. युरियानं मासोळी मरेल, हेही सांगितलं. पण मोलाचा अनुभव तोवर उठून कुंड्यांच्या खताच्या पिशवीकडं निघाला होता.

शालूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अवं, तानाबाई हाय की आत."

"मोबाईलला इचारलंय. तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत हंबीररावांनी खताची मूठ टाकीत सोडली, आणि वर दिवसरात्र दिवा लावून ठेवला.

पाणी आधी पोपटी झालं, मग हिरवं, आणि आठवडा सरता सरता पालकाच्या रश्श्यासारखं दाट झालं. वासही सुटला. "रान धरतंय," हंबीरराव म्हणाले. रविवारी सकाळी त्यांनी टाकीवर चादर घातली. जेवणं झाल्यावर सगळ्यांना समोर बसवून ती झटक्यात ओढली.

आकाराम वाकून बराच वेळ बघत राहिला. "दाजी, पन्हाळा कुठं हाय? धुकं लईच पडलंय."

घर हसलं. हंबीररावांनी तेही गिळलं असतं. पण आकारामनं पुढं विचारलं, "आनि अक्काची तानाबाई वो?"

हंबीररावांनी बाह्या सरसावून टाकीत हात घातला. दगड चाचपले, झाडं उपटली, वाळू ढवळली. हाताला काही लागेना. घाईघाईनं मोबाईल उचलून त्यांनी विचारलं, "टाकीतली मासोळी कुठं गेली?"

"अगदी योग्य प्रश्न विचारलात!" मोबाईल म्हणाला.

त्यांनी तो सोफ्यावर भिरकावला. ओले हात तसेच धरून ते बायकोकडं वळले. ती इतकी वर्षं कुणाशी बोलत होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि लाज वाटली. "शालू, माझ्या हातनं तानाबाई..."

शालूबाईंनी पदराला हात पुसले आणि त्यांना मागच्या गॅलरीत नेलं. तिथं धुण्याच्या निळ्या टबात तानाबाई गिरक्या घेत होती. मूठ टाकून साहेबांची पाठ वळली तेव्हाच शालूबाईंनी तिला बाहेर काढलं होतं. लपवून ठेवायची काही गरजच नव्हती. मागची गॅलरी म्हणजे धुणं वाळत घालायची जागा. तिथं हंबीररावांनी आजवर पाऊल टाकलेलं नव्हतं.

"सांगायचं न्हाय व्हय मला?"

"सांगिटलं हुतं की."

हंबीररावांचा जीव भांड्यात पडला, आणि पडताक्षणी जुना साहेब जागा झाला. "तरी बी माझं खताचं गणित चुकलं न्हवतं. पानीच कमी पडलं."

"तुमचं बरोबर हाय," शालूबाई म्हणाल्या, "पण..."

हंबीररावांचा पाय सवयीनं वळला. गॅलरी अरुंद, दारात मेव्हणा हाताची घडी घालून उभा, मोटारसायकल खाली पार्किंगमध्ये. शालूबाईंनी स्टूल ओढलं, दारासमोर मांडून त्यावर ऐसपैस बसल्या, आणि सुरुवात केली ती टाकीपासून नाही, लग्नाच्या मांडवापासून.

तानाबाई टबात निवांत फिरत होती. आज ऐकायची पाळी तिची नव्हती.