रंग काढणाऱ्या वहिनी

"आधी तोंड बांधा."

शेजारच्या शेडमध्ये कुणीही पाऊल टाकलं की वहिनींचं पहिलं वाक्य हे असायचं. रामराम त्यानंतर. गिऱ्हाईक येवो, वर्गणी मागणारी पोरं येवोत, खुंटीवर धुतलेले रुमाल टांगलेले असायचे आणि त्यातला एक पुढं व्हायचा. एकदा एका गावचे माजी सरपंच आले. रुमाल हातात घेऊन त्यांनी हसत विचारलं, मला ओळखलं नाही वाटतं. वहिनी म्हणाल्या, "वळखलं की. म्हणून तर आजच धुतलेला दिला."

शिक्रापूरला चाकण रस्त्याच्या कडेला माझं सीट कव्हरचं दुकान आहे. शेजारी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगची शेड होती. हायवेनं जाताना अशा शेडी तुम्हीही पाहिल्या असतील. दाराशी चाकं काढलेली एखादी जीप, भिंतीवर रंगाचे शिंतोडे. आत कोण काय करतं ते जाणाऱ्याला दिसत नाही. मला दिसायचं, कारण आमच्या दोघांच्या मध्ये एक पत्राच काय तो होता.

शेड वहिनींच्या नवऱ्याची. मिस्त्री म्हणायचो आम्ही त्यांना. नवराबायको दोघं दौंडकडचे. मिस्त्रींचा हात असा, की त्यांनी रंगवलेल्या गाडीच्या दारात बघून माणसानं दाढी करावी. पण नवा रंग बसायला जुना निघावा लागतो आणि तो काढायची त्यांची रीत वाईट होती. ग्राइंडर लावायचे, तोही कोरडा, उघड्या तोंडानं. शेडमध्ये धुकं पडल्यासारखं व्हायचं. आज कुठल्या रंगाची गाडी घासली, ते संध्याकाळी त्यांच्या भुवयांवरून कळायचं. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

मग खोकला लागला. गावठी औषधं झाली, शिरूरचा डॉक्टर झाला, शेवटी पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, छातीत धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही. आणखी जाऊ देऊ नका, एवढंच हातात आहे. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असतं हेही त्यांनीच सांगितलं. तोवर वहिनी शेडमध्ये डबा घेऊन यायच्या तेवढ्याच. पुण्याहून आल्या आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून रंग काढायला उभ्या राहिल्या. फवारणीला एक परप्रांती कारागीर ठेवला.

त्यांचं काम बघत राहावंसं वाटे. दार किंवा बॉनेट सुटं करून शेडच्या उघड्या बाजूला आणायच्या. त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या, कंपनीतल्या एका कामगारानं दिलेला, दोन गालांवर दोन डब्या असलेला मास्क लावायच्या. त्यात त्या हत्तीच्या पिल्लासारख्या दिसायच्या आणि हे त्यांना ठाऊक होतं. कोपरापर्यंत रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. ब्रशनं रंग सुटायचा रिमूव्हर लावायचा, वर प्लास्टिकचा कागद टाकायचा आणि थांबायचं. जवळपास कुणी बिडी पेटवली तर तिला हाकलून द्यायच्या, ओढणाऱ्यासकट. रंग सुरकुतला, साईसारखा वर आला, की लोखंडी पत्तीनं हळूहळू ओढायचा आणि खरवड झाकणाच्या डब्यात. गटारात कधी नाही. उरलंसुरलं पाणी मारत मारत पॉलिश पेपरनं घासायचं. धूळ म्हणून उडू द्यायची नाही.

गिऱ्हाइकं वैतागायची. ग्राइंडरनं तासाभरात होणाऱ्या कामाला दिवस का लावता, म्हणायची. वहिनी भांडायच्या नाहीत. पलीकडं खुर्चीत बसलेल्या मिस्त्रींकडं नुसतं बोट करायच्या.

ती खुर्ची हे त्यांचं दुसरं काम होतं. मिस्त्रींना घरी करमायचं नाही म्हणून सकाळी बरोबर आणायच्या आणि वारा फिरेल तशी दिवसभर खुर्ची फिरवायच्या. हातातलं काम टाकून, मोजे काढून, हात धुऊन जायच्या. मिस्त्री मुकाट उठायचे, मुकाट बसायचे. एकदा मला म्हणाले, "देवाची पालखी बी इतकी उचलत न्हाईत."

रात्री घरचं, सकाळी डबा, दिवसभर पत्ती. वहिनी दमलेल्या असायच्या. भिंतीला टेकल्या की डोळे मिटायचे, आणि पलीकडून खोकला आला की लगेच उघडायचे.

एकदा दौंडला त्यांची थोरली बहीण वारली. मिस्त्रींना प्रवास झेपणार नव्हता. कारागीर सुट्टीवर गावी गेला होता. मला मिस्त्रींचा डबा सांगून वहिनी पहाटेच्या गाडीनं गेल्या. मीही त्या दिवशी मिस्त्रींना शेडवर बसवून, डबा देऊन शिरूरला एका गाडीच्या सीटा बसवायला गेलो होतो. परत आलो तर शेडमधून धूळ बाहेर येत होती.

पाटसकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं जीप आणून लावली होती. ऐन उमेदीत मिस्त्रींनीच तिला रंग दिला होता, गडद हिरवा. आता तिला पांढरी करायची होती. गिऱ्हाईक गाडी सोडून गेलं आणि मिस्त्रींनी ग्राइंडर काढला. मी पोचलो तेव्हा बॉनेट चकचकीत उघडं पडलं होतं आणि ते खाली बसून धापा टाकत होते. पाठ चोळत मी त्यांना बाहेर आणलं.

संध्याकाळी वहिनी आल्या. डोळे रडून सुजलेले, पिशवी अजून खांद्याला. मिस्त्रींच्या हिरव्या भुवया त्यांनी पाहिल्या. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्यांनी बादलीत पाणी घेतलं, पदर भिजवला आणि लहान लेकराचं पुसावं तसं त्यांचं तोंड पुसलं. नाक, कान, मान.

मिस्त्री म्हणाले, "माझा रंग व्हता. मीच काढला. बरं वाटलं."

वहिनी बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगायचं. मी भिजवून दिला असता. दोघांनी मिळून काढला असता."

त्यानंतर मिस्त्री फार दिवस राहिले नाहीत. त्या एका दिवसानं गेले असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनीही म्हटलं नाही.

जीपचं बॉनेट तोवर तसंच पडून होतं. उघड्या पत्र्यावर तांबूस गंज धरला होता. दिवसकार्य झाल्यावर वहिनी आल्या, गंज काढला, कारागिराकडून प्राइमर मारून घेतला, जीप पांढरी करून दिली. मग आणखी काही महिने शेड चालली. रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा जागामालकानं जागा मागितली, आणि वहिनींनी एका शब्दानंही अडवलं नाही. दौंडला लेकीकडं जाते म्हणाल्या. "आता होत न्हाई, भाऊजी," एवढंच.

परवाच्या दिवाळीआधी मी पाटसला गावच्या घरी निघालो होतो. चौफुल्याला एसटीत चढलो तर खिडकीशी वहिनी. केस पुरते पिकलेले. नातीचं कौतुक सांगितलं, माझ्या दुकानाचं विचारलं. बोलता बोलता म्हणाल्या, "जरा डोळा लागतोय. दौंड आलं की उठवाल का?"

आणि झोपल्या. डोकं माझ्या खांद्यावर कललं, ओठ थोडे उघडे, हात मांडीवर उताणे. खड्ड्यात गाडी आदळली, मागं कुणी खोकलं, कंडक्टर ओरडला. त्या हलल्या नाहीत.

पाटस आलं. माझी पिशवी पायाशी होती. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला हळूच म्हणालो, "तिकीट दौंडपर्यंत वाढवा."