उत्तरेश्वरअण्णांचा तळहात

घाटनांदूरच्या शिवारात उत्तरेश्वरअण्णांनी छत्तीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ उतरवला, आणि या छत्तीस वर्षांत कुणाच्या शब्दावर भरवसा म्हणून ठेवला नाही. घरचं दूध, दुकानातलं तेल, लेकीने आणलेले पेढे, सगळं आधी नाकाशी जायचं. "मला बघायला आलते तवा मलाबी हुंगलं आसंल," असं त्यांची बायको शिवकन्या शेजारणींना सांगायची.

म्हणूनच त्या रविवारी दुपारी माजी सभापती बबनरावांनी त्यांना मळ्यातल्या बंगल्यावर बोलावून घेतलं. टेबलावर एक परदेशी बाटली, शेजारी बर्फ घातलेला ग्लास, आणि दाराशी मान खाली घालून उभा असलेला त्यांचा ड्रायव्हर अभिमन्यू.

"या अण्णा. जावयानं स्कॉटलंडाहून व्हिस्की धाडली. ह्यानं हैदराबादच्या विमानतळावर जाऊन आणली. आता आत काय हाय, ते तुमी सांगा."

"आबा, म्या पीत न्हाई."

"पिऊ नका. वळखा नुस्तं. वास दवाखान्याचा, चव जळक्या टायराची. लेबलावर सत्तावन्न टक्के लिवलंय, आपली तर बेचाळीसचीच आसती. आन् बर्फ टाकला की गढूळ! चांगली दारू गढूळ हुती व्हय? ह्यानं वाटंत खरी इकली आन् गावठी भरली."

"आबा, सील तुमीच तोडलं की," अभिमन्यू म्हणाला.

"सील काय बे, गल्लीबोळात बसवून मिळतं! अण्णा भेसळ म्हनले, की गाडीची किल्ली ठेवायची आन् घर गाठायचं."

अभिमन्यूला दोन लेकरं. ही नोकरी लागल्यापासून त्याची बायको ऊसतोडीला जायची थांबली होती, हे अण्णांना ठाऊक होतं. पण आणखीही एक ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी हाच अभिमन्यू त्यांच्याकडे चुलवाणात जाळ घालायला होता. एका सकाळी राखेत रबरी चपलेचा वितळलेला तुकडा निघाला आणि अण्णांनी त्याला तिथल्या तिथे हाकललं. रबराचा धूर गुळात उतरला की कढत्या रसाची अख्खी काहील वाया जाते.

त्यांनी ग्लास उचलला. जळका, औषधी भपका नाकात शिरला. हाच तो रबराचा धूर, मन म्हणालं. 'भेसळ' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण अण्णांचा स्वतःच्या पहिल्या वासावरही विश्वास नव्हता.

"बाटलीतली द्या. बिनबर्फाची."

त्यांनी चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले आणि ते वाळायची वाट बघितली. गूळही ते असाच चोळून बघत. बबनराव चुळबुळले. अभिमन्यूने घाम पुसला. अण्णांनी हात नाकाशी नेला, थांबले, पुन्हा नेला. मग दुसऱ्या ग्लासात थोडी ओतून घेतली आणि बोट बुडवून जिभेच्या शेंड्याला लावलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दुसऱ्यांदा बोट बुडवण्याआधी त्यांनी त्या ग्लासात चमचाभर साधं पाणी घातलं.

"रबर न्हाई," ते शेवटी म्हणाले. "रबराचा धूर हाताला चिकटून ऱ्हातो, कडू. ह्यो ओल्या मातीचा, गवताचा धूर हाय. वरून बसलेला न्हाई, ज्या धान्याची केली त्याच्या दाण्यातूनच आलाय. आन् त्याच्या मागं काळ्या मनुका. ज्या पिपात ठिवली, त्यात आधी द्राक्षाचं कायतरी आसंल. नुस्तं स्पिरिट आसतं, तर आतापस्तोर हातावर काय उरलं नसतं."

"आन् गढूळ कावून?"

अण्णांनी बर्फाचा ग्लास ओसरीच्या उन्हात ठेवला. तिघंही ग्लासाकडे बघत उभे राहिले. बर्फ विरला, काच कोमट झाली आणि आतला दुधट ढग हळूहळू निवळला.

"थंडीत खोबरेल गोठतं, तसं. माती कालवली आसती तर उन्हानं निवळली नसती."

बबनरावांनी तरीही जावयाला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "मामा, तिथली कुजल्या गवताची माती जाळूनच धान्याला धूर देतात. शेरीच्या, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या पिपातली हाय, पाणी न मिसळता भरलेली, म्हणून कडक. तुमी थोडं पाणी घालून... बर्फ टाकला?" बबनरावांनी फोन कापला. "बरं, अण्णांना घरी सोडून ये," एवढंच ते अभिमन्यूला म्हणाले.

गाडीत अण्णा बराच वेळ तळहात हुंगत होते.

"अभिमन्यू, त्या साली चुलवाणात चप्पल कुणी घातली?"

"नऊ वर्सं झाली, अण्णा. आज कावून इचारता?"

"त्या दिशी म्या गूळ चोळून बघितला न्हाई. तुकडा बघितला आन् तुला घालवला."

अभिमन्यूने गिअर बदलला. "कुत्र्यानं आणून टाकली आसंल जळणाच्या चिपाडात. म्या न्हाई घातली."

अण्णांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. हे काही तळहातावर चोळून कळण्यासारखं नव्हतं.

"हंगाम लागला की गुऱ्हाळावर ये," घराशी उतरताना ते म्हणाले. "लेकरांना एक ढेप ने."

"येतो की. पर म्याबी हुंगूनच नेईन."