वरणात गूळ कोण घालतं?

या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि संध्याकाळी नवऱ्याला त्यांची कारणं ऐकवते – अपुरी झोप, जुनी वायरिंग, फाजील कल्पनाशक्ती. कॉम्प्युटरच्या नोकरीत बरीच वर्षं काढल्यामुळे बिघाड असला की त्याला कारण असतं, एवढंच मला कळतं. हा एक बिघाड मात्र अजून सापडलेला नाही... म्हणून लिहितेय.

नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हापासून आम्ही बागबाजारला राहतो. नवी इमारत, तिसरा मजला. मुलगी मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची. इथे आल्यावर मी नोकरी सोडली आणि लहान मुलांना ऑनलाइन सुरक्षित कसं राहायचं याचे तास घ्यायला लागले – शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये, बोलावतील तिथे.

माझा मुख्य धडा म्हणजे 'घरचा प्रश्न'. हल्ली कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते, त्यामुळे फोनवर आईचा आवाज आला म्हणजे आईच बोलतेय असं नसतं. प्रत्येक घराने एक प्रश्न ठरवायचा, ज्याचं उत्तर बाहेरच्याला सुचणारच नाही. आमचा प्रश्न होता – वरणात गूळ कोण घालतं? उत्तर – बाबा, चोरून, आणि तोही नोलेन. हा इथला थंडीतला खजुराचा गूळ. मी आमटीत बोटभरसुद्धा गोड चालू देत नाही आणि नवरा माझी पाठ फिरली की खडा टाकतो. हे आम्ही तिघंच जाणतो.

गेल्या जानेवारीत फोर्ट विल्यमला लष्करी कुटुंबांतल्या मुलांसाठी माझा तास होता. तिथे मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. तो जमा केला, टोकन पर्समध्ये टाकलं आणि आत गेले. हे नीट सांगून ठेवते, कारण पुढे सगळे पहिल्यांदा हेच विचारतात.

तासाला मी एक छोटं नाटुकलं करते. हातात मुक्ताचा जुना खेळण्यातला फोन – लाल, प्लास्टिकचा, आत ना बॅटरी ना वायर. आधी मी अनोळखी माणूस होते आणि गोड बोलून मुलाला खाली बोलावते. मग आई होते. त्या दिवशी मुलांच्या खाण्यात वेळ गेला, म्हणून थेट आईच झाले. तिथली एक मराठी चिमुरडी माझी मुलगी झाली. नाटकातली नावं मी घरचीच वापरते. फोन कानाला लावून म्हटलं, "मालतीदी, मुक्ताको फोन दाओ ना." माझ्या त्या धेडगुजरी बांगलाला पोरं खिदळली. मालतीदी आमच्याकडे कामाला येतात, संध्याकाळी मी बाहेर असले की मुक्ताजवळ थांबतात.

मग माझी ठरलेली वाक्यं. मी येईपर्यंत खाली जायचं नाही. टॅब मालतीदींकडे दे. त्या चिमुरडीने शिकवल्याप्रमाणे प्रश्न विचारायचा होता, पण तिला काही सुचेना. वेळ जात होता, तेव्हा मी आमचाच प्रश्न तिच्या कानात सांगितला. तिने तो खणखणीत आवाजात विचारला. उत्तर मात्र वर्गासमोर देता येईना, उत्तर फोडायचं नाही हाच तर धडा! म्हणून फोनवर हात आडवा धरला आणि अगदी कुजबुजत सांगितलं. बाबा, चोरून, नोलेन.

टाळ्या झाल्या. गेटवर मोबाइल परत घेतला. एकही मिस्ड कॉल नव्हता. बसने घरी आले.

दार मुक्तानेच उघडलं. पायात बाहेरचे बूट होते.

"आई, तू उत्तर एवढं हळू का सांगितलंस?"

मी विचारलं, कसलं उत्तर?

"गुळाचं. इंटरकॉमवर. मी तर खाली जातच होते."

आमचा इंटरकॉम फक्त इमारतीतल्या फ्लॅटना आणि खालच्या गेटला जोडलेला आहे. बाहेरून त्यावर फोन येऊच शकत नाही. मी स्वयंपाकघरात गेले. मालतीदींनी टॅब पिठाच्या डब्यामागे लपवला होता. त्या म्हणाल्या, इंटरकॉम आधी त्यांनीच उचलला. मी म्हटलं, माझा आवाज होता हे कशावरून?

"ओइ रकम बांगला आर के बोले, बौदी?" असलं बांगला आणखी कोण बोलतं, वहिनी!

एरवी मी हसले असते. टॅब उघडला.

मुक्ताला एका गेममध्ये रिमी नावाची मैत्रीण मिळाली होती. मी तिला सांगितलं होतं, अनोळखी माणसांशी बोलायचं नाही. पण तिच्या हिशेबात अनोळखी म्हणजे मोठे काका, आणि रिमी तर मुलगी होती. त्या दिवशी रिमीने लिहिलं होतं की मी तुमच्या गेटजवळ आलेय, आईबरोबर, गाडीत मांजरीचं पिल्लू आहे. एकटीच ये, नाहीतर ते घाबरेल. त्यावर मुक्ताचं उत्तर – येते. मग बराच वेळ काही नाही. मग रिमीचे तीन-चार मेसेज, शेवटचा चिडलेला. का नाही आलीस?

मी खाली गेले. दरवानाला विचारलं. गेटसमोरच्या मिठाईच्या दुकानापाशी एक पांढरी गाडी बराच वेळ उभी होती, तो म्हणाला. आत एकटाच माणूस. गाडी काढा म्हणून सांगायला हा निघाला तसा तो निघून गेला. मुलगी? दिसली नाही. इंटरकॉमवरून वर कुणी बोललं का? नाही, दीदी.

त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली, चॅटचे फोटो जोडून. रिमीचं खातं तोवर नाहीसं झालं होतं आणि माणूस अजून सापडलेला नाही. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, मुलगी निघाली होती तर थांबली कशी? मी म्हटलं, आईचा फोन आला. त्याने लिहून घेतलं. यात खोटं काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

कारणं मी शोधली. चारही मजल्यांवर जाऊन विचारलं. इंटरकॉमवाल्याला बोलावून वायरी तपासून घेतल्या. मुक्ताने ओरडा चुकवायला गोष्ट रचली म्हणावं, तर मालतीदींनी का रचावी? आणि मी उत्तर कुजबुजत दिलं, हे मुक्ताला कुणी सांगितलं? नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे माझा गूळ आता जगजाहीर." त्या रात्री वरणात त्याने गूळ घातला तो माझ्यासमोर, आणि मी तेच वरण पानात वाढून घेतलं.

प्रश्न आम्ही बदलला. तास मी अजून घेते. तोच लाल फोन नेते – नेऊ नये असं दोनदा वाटलं, तरी नेते. नाटकात आई झाले की एकेक वाक्य नीट, सावकाश बोलते. कुठे ऐकू जात असेल, काय माहीत.

अनोळखी माणसाचा भाग मात्र आता फोनशिवाय करते. "ये ना खाली, मी गेटपाशीच आहे," हे त्याचं पहिलं वाक्य आहे, आणि त्या दिवशी ते केवळ वेळ नव्हता म्हणून माझ्या तोंडून गेलं नाही.