चौथ्या प्रकरणातला घड्याळजी

मास्तरांच्या शिलाई दुकानात एकदा अंगावर कापड टाचलं की गिऱ्हाइकाला हलता येत नाही. प्रश्न विचारायला याहून चांगली वेळ नाही, हे मास्तरांना कधीच कळलेलं. मध्यंतरी मात्र ते प्रत्येकाला एकच विचारत होते. वाचनालयात नवीन जाडजूड पुस्तक आलंय, समलिंगी माणसांच्या इतिहासावरचं, ते पाहिलंत का? पाहिलंय म्हणणाऱ्याला, बाही टाचता टाचता, अगदी सहज पुढचा प्रश्न: चौथं प्रकरण कसं वाटलं?

चौथ्या प्रकरणात मास्तर स्वतः होते.

दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मास्तर आणि भाऊ तरुणपणापासून एकत्र राहतात. भाऊ पाणीखात्यात मीटर वाचायचे, आता निवृत्त आहेत. गल्लीला ते मास्तरांचे मावसभाऊ म्हणून माहीत. भाऊंची आई ते इथे येण्याआधीच गेली होती, पण मावसभाऊ म्हटल्यावर मावशी आलीच, म्हणून मास्तरांनी परगावी राहणारी, गुडघ्यांनी बेजार अशी एक मावशी तयार केली. पुढे तिच्या तब्येतीच्या चौकशा फार व्हायला लागल्या, तेव्हा तिला वारावंही लागलं.

पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकबाई मुलाखतीला आल्या, तेव्हा मास्तरांनी सगळं मोकळेपणी सांगितलं. अट एकच, ओळख पटता कामा नये. बाई शब्दाला पक्क्या निघाल्या. त्यांनी मास्तरांचा धंदा बदलला. डोक्यावरचे दाट केस, ज्यांना मास्तर अजून रोज तेल लावतात, ते काढून टक्कल दिलं. आणि ज्यांच्या तोंडाचा पट्टा भाऊंनी उभा जन्म ऐकला, त्यांना 'मितभाषी' केलं. इतिहासात मास्तर गेले ते एक मितभाषी, टक्कल पडलेला घड्याळजी म्हणून.

वाचल्यावर मास्तरांना हायसं वाटलं. हे हायसं वाटणं दुपारपर्यंत टिकलं. जेवताना ते भाऊंना म्हणाले, आख्खं प्रकरण मिळालं आणि त्यात आपण कुठेच नाही. भाऊंनी वाढून घेत अटीची आठवण करून दिली.

कुणीतरी वाचता वाचता थांबावं आणि म्हणावं, मास्तर, हे तुम्ही तर नाही? इतकीच त्यांची इच्छा होती. विचारल्यावर ते साफ नाही म्हणणार होते. पण विचारायला तर हवं.

संध्याकाळी दुकानात बसायला येणारे मित्र दोन, केमिस्ट आणि निवृत्त पोस्टमन. केमिस्टने पुस्तक तळटीपांसकट वाचलं होतं. औषधांच्या खोक्यांतले बारीक अक्षरांचे कागद वाचून त्याला सवय होती. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि हलक्या आवाजात सांगितलं की माणूस ओळखू आला. मास्तरांचा हात शिवणयंत्राच्या चाकावर थांबला.

"आपले घड्याळवाले," केमिस्ट म्हणाला.

गल्लीच्या टोकाला घड्याळदुरुस्तीचं एकच दुकान. मालकांना पूर्ण टक्कल, बोलणं जेमतेम, घरी बायको आणि चार मुलं. पोस्टमन हळहळला, बिचाऱ्याने इतकी वर्षं कळू दिलं नाही.

केमिस्ट भला माणूस. दुसऱ्याच दिवशी तो घरातली चालू घड्याळं दुरुस्तीला देऊन आला. वाचनालयाच्या बाईंनी घड्याळवाल्यांना पुस्तक परत करायची मुदत वाढवून दिली, त्यांनी पुस्तक नेलेलं नसताना. मास्तरांच्या पोटात दुखू लागलं. अनुभव आपला आणि मान त्यांना.

मग एक दिवस घड्याळवाले पँट आखूड करायला आले. मास्तर खाली बसून टाचण्या लावत होते, काही टाचण्या त्यांच्या ओठांत होत्या. या वेळी बोलले ते गिऱ्हाईक.

"मास्तर, शेजारच्या बायका आमच्या हिचा हात धरून धीर देतायत. कशाबद्दल, ते तिला कुणी सांगेना. शेवटी मी ते प्रकरण वाचलं. जो कोणी असेल, त्याच्याशी मला भांडायचं नाही. त्याने फक्त घरी यावं, चहा घ्यावा आणि तिला सांगावं."

मास्तरांनी ओठांतली एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली आणि पँट उद्या मिळेल म्हणाले. वर जाऊन त्यांनी भाऊंना विचारलं, सांगितलं तर तुझंही कळेल, चालेल?

"पुस्तकात मला सहचर म्हटलंय," भाऊ म्हणाले. "मावसभावापेक्षा बरंय."

दुसऱ्या संध्याकाळी पँट न्यायला घड्याळवाले आले, मित्र बसलेलेच होते. मास्तरांनी सांगून टाकलं, तो मी. केमिस्ट उठून उभा राहिला. मित्रासाठी असलं काही अंगावर घेणारा माणूस आपण पाहिला नाही, असं म्हणत त्याने मास्तरांचा हात हातात घेतला. मास्तरांनी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितका केमिस्टचा विश्वास उडत गेला.

"तुम्ही आणि मितभाषी?" तो म्हणाला.

भाऊ जिन्यात उभे होते. ते केमिस्टला म्हणाले, पंख्याचं वाचा. केमिस्टने पुस्तक उघडलं. शयनकक्षातील वायुवीजनावरून झालेला प्रदीर्घ संघर्ष, सहजीवनातील सत्तावाटप, आणि अखेर एका त्रयस्थ शासकीय कर्मचाऱ्याची मध्यस्थी.

पोस्टमन ताठ बसला. पंख्यावरून वर झालेलं ते भांडण सगळ्या गल्लीने ऐकलं होतं, आणि रजिस्टर पत्र द्यायला गेलेल्या त्याला दोघांनी दारातच पंच केलं होतं. दोनवर ठेवा, हा निकाल त्याचा. त्याने तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. इतिहासात आपणही आहोत, हे पचवायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा बदलला.

"म्हणजे मावशी?"

"नव्हतीच," मास्तर म्हणाले.

"मी रजा टाकून भेटायला आलो होतो. रडलो होतो मी."

"मीही रडलो होतो," भाऊ म्हणाले. "आई दुसऱ्यांदा गेली माझी."

घड्याळवाल्यांनी पँट काखेत मारली आणि नुसती दाराकडे मान केली. मास्तर आणि भाऊ त्यांच्यामागे निघाले. घर यायला अर्धी गल्ली होती, पण मास्तरांनी मुलाखतीपासून सगळं सांगायला तिथूनच सुरुवात केली.