बशीतला चहा

अंथरुणाला खिळलेल्या माणसांना दिवसभर सांभाळणारं केंद्र आमची नगरपालिका काढणार आहे. ते कसं असावं, हे घरच्यांनाच विचारायला सभा बोलावली होती. घरी आईचं सगळं मीच करतो, म्हणून मीही गेलो. शेजारच्या खुर्चीवर साठीतल्या एक बाई होत्या. चहा आला. त्यांनी तो थोडा बशीत ओतला, फुंकर घातली आणि समोर बोलणाऱ्या नगरपालिकेच्या साहेबांचं ऐकता ऐकता बशी थेट माझ्या ओठांना लावली. "आ करा."

मी हादरलोच. भान आलं तेव्हा त्या माझ्याहून जास्त हादरल्या.

"अगंबाई! आमच्या यांना पाजायची सवय हो. लकवा झालाय ना यांना."

मी हसून वेळ निभावून नेली, पण अंगावर आलेला काटा जाईना. वर्षानुवर्षं एकाच तोंडाकडे गेलेला हात मालकिणीला विचारेनासाच होतो की काय? मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

"काकू, केंद्रात काय हवं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"मला?" त्यांनी कपात उरलेल्या चहाकडे पाहिलं. "असा गरम चहा. आणि तो पिऊन होईपर्यंत यांच्याजवळ कुणीतरी."