कोरे कान शोधत युसूफ वडगावला

फ्रेंचच्या अभ्यासासाठी कुठे गेलीस, असं कुणी विचारलं की मी ऐटीत सांगते, बीड जिल्ह्यात!

झालं असं, की फ्रेंच माणूस घाईत बोलला की शब्दाच्या शेवटचा 'ब' पुढच्या 'स'मुळे 'प' होतो. 'रोब साल', म्हणजे मळका झगा, तोंडातून 'रोप साल' निघतं. गंमत म्हणजे फ्रेंच कानांना तो 'ब'च वाटतो. मग फ्रेंच न येणाऱ्यांना काय ऐकू येतं? माझा प्रबंध इथंच अडला होता, आणि पुण्यात माझ्या ओळखीत सगळे फ्रेंच शिकलेले. मैत्रीण सारिका म्हणाली, "चल आमच्या चुलत्यांकडे, युसूफ वडगावला. फ्रेंचसाठी सगळ्यांचे कान कोरे."

एसटीनं केज, तिथून काळीपिवळी जीप. जाणार असाल तर पुढची सीट भांडून मिळवा, मागे गुडघे हनुवटीला लागतात. पोचताच गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "आधी जेवा, मग तुमचं फ्रेंच," सारिकाच्या काकूंचा हुकूम.

दुपारी ओसरीवर अकरा जण जमले. हेडफोन लावून दोन आवाज ऐकायचे, एक साधा 'रोब' आणि एक 'रोब साल'मधून कापून घेतलेला, आणि सारखे की वेगळे ते सांगायचं. सारिकाचे चुलते, आबा, पहिले. "सारखंच हाय!" मग सगळ्यांचंच सारखं. इतका एकमुखी निकाल! मी हरखले. शेवटी, लोक नीट ऐकताहेत ना या खात्रीपुरती ठेवलेली उघड वेगळी जोडी लावली, 'मि' आणि 'ता'. तीही सारखीच! माझं धाबंच दणाणलं. दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं.

"आबा, खरं सांगा ना."

"पोरी, तू एवढ्या लांबून आलीस. पाव्हणीच्या मशिनीत खोट काढावी का? मीच समद्यांना म्हनलो, वेगळं म्हणू नका."

मला रडूच फुटलं.

काकू आबांवर उखडल्या. "तुमी गप बसा! पोरी, बायांना सांग, हे मडकं हाय. बाजारात वाजवून घेतो तसं वाजवून बघा."

सकाळी शेजारणी आल्या. खोट काढायची मुभा मिळाल्यावर काय विचारता! "दुसरं बद्द वाजतंय." "ह्यात ओठ लई दाबलाय." गाडीच्या वेळेपर्यंत चौदा जणी झाल्या. 'मि-ता' एकीलाही सारखं वाटलं नाही, आणि फ्रेंचांना न जाणवणारा 'प' बहुतेकींनी पकडला. काकूंनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या.

पुण्यात प्रबंधाच्या सरांनी उत्तरांचे चौदा कागद ठेवून घेतले. "हे अकरा बाद." बरोबरच होतं. मीच त्यांवर लाल रेघ मारली, पण फार वाईट वाटलं. मी नाराज होऊ नये म्हणून अकरा माणसं एका सुरात खोटं बोलली होती, आणि ते लिहायला प्रबंधात जागाच नाही.